हेडलाइटचं वायरिंग, डिचोलीचे मेस्त आणि माझी १९८७ ची पिकअप

गेल्या जूनमध्ये चोर्ला घाट उतरताना माझ्या पिकअपचे दोन्ही हेडलाइट एकदम गेले. रात्रीचे साडेआठ वाजलेले, पाऊस धो धो, धुकं बोनेटला टेकलेलं आणि मागे हौद्यात बेळगावहून आणलेल्या खताच्या गोण्या. गाडी कशीबशी कडेला घेतली आणि डाव्या पायाने डिपरचं बटण, म्हणजे दिव्यांचा झोत लांब-जवळ करायचं फ्लोअरवरचं बटण, तीन-चार वेळा जोरात दाबलं, तेव्हा उजेड आला. तोही कंदिलासारखा पिवळा. खाली केरीत घरी पोचेपर्यंत हेच आणखी दोनदा झालं. शेवटच्या वेळी समोरून ट्रक येत होता आणि त्याला मी दिसत नव्हतो, हे मला आरशासारखं स्पष्ट कळत होतं. त्या रात्री मी जेवलो नाही.

ज्या मेस्तांनी (आमच्याकडे कारागिराला मेस्त म्हणतात) हा दोष शोधून काढला, त्यांच्या कामाबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे. गोव्यात जुन्या जीप आणि पिकअप अजून पुष्कळांकडे आहेत, आमच्या सत्तरी तालुक्यात तर गावोगावी कुणा ना कुणाकडे. त्या सगळ्यांच्या दिव्यांची रड थोड्याफार फरकाने एकच आहे.

गाडी महिंद्राची. पुढून जीप, मागे उघडा हौदा. गोव्याला घटकराज्याचा दर्जा मिळाला त्याच वर्षी, १९८७ मध्ये, बाबांनी ती घेतली. नंबर अजून जुन्या ‘जीडी’ मालिकेतला आहे. कुळागारातली, म्हणजे आमच्या बागेतली सुपारी, केळी, नारळ, चतुर्थीच्या आधी माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीचं) सामान, हे सगळं हिच्यातूनच साखळी, डिचोली, अस्नोडा असं करत म्हापशाला जातं. शुक्रवारच्या बाजाराला जागा मिळवायची तर पहाटे साडेतीनला घर सोडावं लागतं, म्हणजे निम्मा प्रवास काळोखातच. त्यामुळे माझ्यासाठी हेडलाइट म्हणजे गाडीचं धंद्याचं अंग आहे. हौदा गळका असला तरी चालेल, दिवे गेलेले चालत नाहीत.

दिवे मंद झाले होते ते मार्चपासूनच. तेव्हा मी जवळच्या एका दुकानात गाडी नेली. तिथल्या माणसाने काच पुसली, बल्ब काढले, ‘पॉवर कमी आहे’ म्हणाला आणि १००/९० वॉटचे (अप्पर म्हणजे लांबच्या झोताला १००, डिपर म्हणजे जवळच्या झोताला ९०) बल्ब घातले. पहिले आठ-दहा दिवस खरोखर बरं वाटलं. मग स्टिअरिंगखालून जळका वास येऊ लागला. पुन्हा गेलो तर उत्तर मिळालं, ‘गाडी जुनी आहे, पूर्ण वायरिंग बदला, अठरा हजार होतील.’ कुठे बिघडलं आहे असं विचारलं, तर ‘सगळंच गेलंय.’ त्या दुकानाचं नाव लिहीत नाही. पण एकदाही मीटर न लावता अठरा हजारांचा आकडा सांगणाऱ्या माणसाकडे मी परत जाणार नाही.

घाटातल्या प्रकारानंतर माझ्या पुतण्याने डिचोलीच्या या मेस्तांचं नाव काढलं. बोर्डे भागात, घराच्या अंगणातच पत्र्याची शेड आहे. पाटी नाही. साठीच्या आसपासचे गृहस्थ. आयुष्यभर खाणीच्या टिप्परांचं वायरिंग केलेलं. २०१२ साली खाणी बंद पडल्या, ट्रक दारोदार उभे राहिले आणि त्यांच्याकडे जुन्या गाड्यांचं काम येऊ लागलं. आता तेच करतात. एका वेळी एकच गाडी शेडमध्ये घेतात, दुसरी अंगणात वाट पाहते.

मी गेल्या गेल्या सगळं सांगून टाकलं, वर माझा अंदाजही सांगितला की डायनामो किंवा बॅटरी असणार. त्यांनी ऐकून घेतलं, मधे तोडलं नाही. मग एकच प्रश्न विचारला, “बाब, डिपर लावल्यावर मीटरवरचा निळा दिवा पेटतो काय? मिणमिण?” मी चमकलो. गेले दोन महिने तो अप्परचा निळा दिवा मला डिपरवरही अंधुक दिसायचा आणि मी ते डोक्यातून काढून टाकलं होतं. “मग एक तरी अर्थ गेला,” ते म्हणाले. अर्थ म्हणजे अर्थिंग, दिव्यातून वीज बॅटरीकडे परत नेणारी जोडणी. “बाकी काय ते मापूया.”

पहिली गोष्ट त्यांनी केली ती म्हणजे ते १००/९० चे बल्ब काढून ठेवले आणि साधे ६०/५५ चे एच४ घातले. मी कुरकुरलो, कारण आधीच उजेड नव्हता. त्यांनी सिगरेटच्या पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. ६० वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर ५ अँपियर ओढतो, दोन अप्पर म्हणजे १०. शंभराचे दोन लावले की तेच सोळा-सतरावर जातं. आणि ही सगळी वीज बॅटरीतून निघून डॅशबोर्डवरच्या ओढायच्या स्विचमधून, तिथून क्लचशेजारच्या फ्लोअरवरल्या डिपर स्विचमधून, मग पुढे ग्रिलपर्यंत त्याच जुन्या बारीक तारेतून जाते. अडचण वाटेत आहे आणि आपण शेवटी जास्त भुकेला बल्ब बसवतो. वाट आणखी तापते. जळका वास त्याचा होता.

यानंतर त्यांनी जे केलं ते मी शेजारी उभं राहून पाहिलं आणि मला तेच या सगळ्या कामातलं सर्वांत मोलाचं वाटतं. दोन्ही दिव्यांचे होल्डर बल्बांवरून काढले आणि डाव्या रिकाम्या होल्डरच्या पिनांना व्होल्ट मापायचा मीटर लावला. इंजिन चालू, अप्पर चालू. आकडा १३.८. मी म्हटलं, मेस्त, करंट तर पूर्ण येतोय. त्यांनी मान हलवली, दोन्ही होल्डर पुन्हा बल्बांवर चढवले, मीटरची टोकं मागून डाव्याच्या पिनांना टेकवली. दिवे पेटले आणि आकडा १०.४ वर आला.

“रिकाम्या नळाला प्रेशर बघून उपयोग नाही,” एवढंच ते म्हणाले. तारेतले सगळे धागे तुटून एकच उरला असेल, तरी रिकाम्या होल्डरवर मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो, कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच वीज ओढत नाही. टेस्टर लॅम्पचंही तसंच. त्यातला छोटा बल्ब एका धाग्यावरही पेटतो. पाच अँपियर मागणारा दिवा जोडलेला असेल तेव्हाच खरं काय ते कळतं. मार्चमधल्या दुकानात टेस्टर लॅम्प लावला होता हे मला आठवलं. तो पेटला, म्हणून ‘लाइन बरोबर आहे’ असं ठरलं होतं.

मग त्यांनी वाटेतला एकेक टप्पा मापला. दिवे पेटते ठेवून मीटरची एक तार बॅटरीच्या प्लसला, दुसरी पुढच्या प्रत्येक जोडावर. मला कागद-पेन्सिल दिली आणि आकडे लिहायला लावले. बॅटरीवर १३.९. तिथून डॅशबोर्डवरच्या अमिटरमधून (वीजप्रवाह दाखवणाऱ्या काट्यातून) हेडलाइट स्विचच्या आत येणाऱ्या पिनेपर्यंत ०.४ गळाले. स्विचच्या आतच ०.७. फ्लोअरच्या डिपर स्विचमध्ये १.१. तिथून पुढे डाव्या होल्डरपर्यंत ०.४. प्लसच्या बाजूची एकूण गळती २.६. मग एक टोक डाव्या दिव्याच्या अर्थच्या पिनेवर आणि दुसरं बॅटरीच्या मायनसवर ठेवलं, तिथे ०.९. तेरा पूर्णांक नऊमधून साडेतीन गेले की राहिले १०.४. बल्बावर मापलेला आकडाही तोच होता. बेरीज जुळल्यावर त्यांनी कागदाखाली रेघ मारली. त्या क्षणी माझा त्यांच्यावर विश्वास बसला. ‘सगळंच गेलंय’ आणि ‘हे पाच आकडे, यातला सर्वांत मोठा इथे’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

उजवा दिवा थोडा बरा होता, ११.३. त्याचा अर्थ शाबूत होता.

इथे एक गोष्ट समजून घ्या, कारण ती कुणी सांगत नाही. फिलामेंटच्या बल्बाला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं तर उजेड दहा टक्के कमी होत नाही, सुमारे तीस टक्के कमी होतो. माझ्या डाव्या दिव्याला पाऊण हिस्सा व्होल्टेज मिळत होतं आणि उजेड जेमतेम तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त. पिवळेपणा त्यामुळे येतो, फिलामेंट पुरेसं तापतच नाही. बल्बाची कंपनी बदलून त्यात काडीचा फरक पडला नसता.

आता निळ्या दिव्याची भानगड. मेस्तांनी डिपर लावला, मला आत बसून निळ्याकडे लक्ष ठेवायला सांगितलं आणि ग्रिलवर मूठ आपटली. निळा मिणमिणला. पुन्हा आपटली, विझला. बाहेर मीटरवर अर्थचा आकडा ०.९ वरून एकदम सात-आठ व्होल्टवर उडत होता. म्हणजे गाडी हादरली की डाव्या दिव्याचा अर्थ पुरता सुटत होता. एच४ बल्बात डिपर आणि अप्पर अशी दोन फिलामेंट असतात आणि दोघांचा अर्थ एकच. तो सुटला की डिपरच्या फिलामेंटमधून आलेली वीज परत जायला वाट शोधते, अप्परच्या फिलामेंटमधून उलटी चढते, अप्परच्या तारेत शिरते आणि उजव्या दिव्याच्या अप्परमधून व त्या निळ्या बल्बातून जमिनीला जाते. म्हणून डावीकडे दोन्ही फिलामेंट लालसर, अंधुक आणि मीटरवर निळा मिणमिण. ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांनी आज रात्रीच डिपर लावून हा निळा दिवा बघावा. पैसा लागत नाही.

त्यांनी एक लांब तार बॅटरीच्या मायनसवरून थेट डाव्या दिव्याच्या अर्थला टेकवली. भिंतीवरचा डावा डाग लख्ख उजळला, निळा विझला आणि कितीही मुठी आपटल्या तरी पुन्हा पेटला नाही. तार काढली, परत अंधुक. दोष सिद्ध व्हायला आणखी काय हवं?

ग्रिल सोडवल्यावर कारण दिसलं. दिव्याची अर्थची तार ग्रिलच्या पत्र्याला एका स्क्रूने कसलेली होती. ग्रिल मडगार्डला बोल्टने, मडगार्ड बॉडीला, बॉडी रबरच्या बुशांवर चेसीला. एवढ्या जोडांमधून वीज परत जाणार, आणि प्रत्येक जोडावर अडतीस पावसाळ्यांचा गंज, वर तीनदा मारलेला रंग. स्क्रूखालची लग, म्हणजे तारेच्या टोकाची धातूची कडी, मेस्तांनी चिमट्याने उचलली तर तिच्यावर हिरवा कळंक चढलेला, देवघरातल्या न घासलेल्या तांब्यावर चढतो तसा. तार सोलली तर आत हातभर अंतरापर्यंत तांबं काळं. काळी पडलेली तार कितीही खरवडली तरी तिला नीट जोड बसत नाही, म्हणून तेवढा तुकडा त्यांनी कापूनच टाकला.

डिपर स्विच मात्र मी घरी घेऊन आलो आहे. खिडकीत ठेवला आहे. फ्लोअरवर, क्लचच्या डावीकडे, जवळजवळ चाळीस वर्षं पायाखाली असलेली वस्तू. पावसात चिखलाच्या चपलांनी आपण तिच्यावर पाय देतो, फ्लोअरच्या भोकातून खालून चाकाचं पाणीही तिच्यावर उडतं. मेस्तांनी पत्र्याच्या कडा उघडून आतलं दाखवलं. “हांगा पळयात, बाब.” इथे बघा, म्हणाले. आत आमच्या सत्तरीची लाल चिऱ्याची माती, दगडासारखी बसलेली. फिरणाऱ्या तांब्याच्या चकतीवर अप्परच्या टोकाला तिळाएवढा खड्डा पडलेला, काठ काळे, जळलेले. खालचं बेकलाइट (जुनं कडक प्लास्टिक) पिनेच्या भोवती तपकिरी होऊन फुगलेलं. स्प्रिंग बोटाने दाबली तर सहज दबली, उसळली नाही. १.१ व्होल्ट इथे गळत होते. दहाएक अँपियर वाहत असताना याचा अर्थ या लिंबाएवढ्या स्विचमध्ये दहा वॉटच्या आसपास उष्णता. १००/९० लावल्यावर तीच जवळजवळ तिप्पट. घाटात आपण सतत अप्पर-डिपर करतो, स्विच तापतो, स्प्रिंग मऊ पडते, चकती टोकावरून सुटते, दोन्ही दिवे जातात. लाथ मारली की चकती पुन्हा टेकते. त्या रात्री घाटात हेच घडत होतं.

काम काय केलं ते थोडक्यात. फ्लोअरवर नवा डिपर स्विच. दुकानातून आलेला पहिला नग त्यांनी मीटर लावून परत पाठवला, कारण नवा असूनही आत रोध दाखवत होता. दुसरा बसवला आणि खाली रबरी टोपी घातली. दोन्ही दिव्यांच्या अर्थला स्वतंत्र तार, ती थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत. शिवाय बॉडी ते चेसी एक विणीव पट्टी. जुने बेकलाइटचे होल्डर काढून चिनी मातीचे. आणि मुख्य म्हणजे दोन रिले (छोट्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह सोडणारे विजेचे स्विच), एक अप्परला, एक डिपरला.

रिलेचं मला आधी कौतुक नव्हतं. जुन्या गाडीत नवीन काही घुसवू नये असं माझं मत. मेस्तांनी विचारलं, कुळागारात पाणी कसं सोडता? मी सांगितलं, ओहोळावरून मोठा पाट, झाडाजवळ बांध फोडायचा. “मग हेच ते.” बॅटरीतून जाड, अडीच चौरस मिलिमीटरची तार सरळ रिलेच्या ३० नंबरच्या पिनेवर येते आणि ८७ मधून दिव्याला जाते, तो मोठा पाट. जुना स्विच आणि डिपर फक्त ८६ ला इशारा देतात, ८५ अर्थला. इशाऱ्याला लागणारी वीज पाव अँपियरहूनही कमी. म्हणजे डॅशबोर्डचा तो जुना स्विच, ज्याच्या आत ०.७ गळत होते, तो बदलायचीही गरज उरली नाही, कारण आता त्याच्यावर भारच नाही. बाबांच्या हाताने झिजलेली ती मूठ तशीच राहिली. मला याचं मनापासून बरं वाटलं.

बारकावे आवडले. दोन्ही रिले मडगार्डच्या आतल्या बाजूला उंचावर, पिना खाली तोंड करून, म्हणजे पाणी आत साचणार नाही. तारा रिलेकडे येताना आधी खाली झोका घेऊन मग वर चढतात, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी झोक्याच्या तळाशी गळून पडतं. अप्पर आणि डिपरला वेगवेगळे १५ अँपियरचे फ्यूज, बॅटरीपासून वीतभर अंतरावर. एक उडाला तरी दुसरा बीम उरतो. फ्यूज बॅटरीजवळच हवा, कारण बॅटरी आणि फ्यूजच्या मधल्या तारेला फ्यूजचं संरक्षण नसतं. ती कुठे घासून बॉडीला टेकली तर आग तिथून लागते. लग दाबून बसवल्या, वर स्लीव्ह चढवून गरम केली, शेवटी पिनांवर व्हॅसलिनचा हात. चिकटपट्टीने गुंडाळलेला एकही जोड नाही. पावसात चिकटपट्टी आत ओल धरून ठेवते आणि तिथेच कळंक चढतो, हे मी माझ्याच जुन्या तारेत पाहिलं.

सगळं झाल्यावर पुन्हा तेच माप. बॅटरीवर १३.९, डाव्या दिव्यावर १३.५, उजव्यावर १३.५. बल्ब तेच, साधे ६०/५५ चे.

फोकसचं काम त्यांनी त्या दिवशी केलं नाही. “रिकामी गाडी घेऊन आलात. परवा माल भरून या.” मागे सुपारीच्या गोण्या भरल्या की हौदा बसतो, नाक वर येतं आणि दिवे माडांच्या शेंड्यांवर पडतात, हे मला माहीत होतं. पण फोकस भरलेल्या गाडीवर करायचा हे मला कुणी सुचवलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सहा गोण्या घालून गेलो. शेडच्या भिंतीपासून पंचवीस फुटांवर गाडी उभी केली, दिव्यांच्या मधल्या उंचीवर खडूने रेघ ओढली आणि डिपरची वरची कड त्या रेघेच्या थोडी खाली येईपर्यंत स्क्रू फिरवले. डाव्या बाजूला कड जराशी वर चढते, तिथे आपला रस्त्याचा काठ दिसायला हवा. जाता जाता एक सांगतो. एका ओळखीच्याने जीपला परदेशी रिफ्लेक्टर मागवून लावले होते. ते उजवीकडून गाडी चालवणाऱ्या देशांसाठीचे, त्यांची कड उजवीकडे चढते, म्हणजे आपल्याकडे समोरच्याच्या डोळ्यांत. घेताना हे बघून घ्या.

एलईडी बल्ब मी विचारलाच. त्यांनी नाही म्हटलं आणि कारण दिलं. दिव्याचा हा वाडगा (रिफ्लेक्टर) फिलामेंटसाठी घडवलेला आहे, उजेड नेमक्या त्याच जागेवरून निघाला तरच तो रस्त्यावर पडतो. एलईडीची चिप त्या जागी तशी बसत नाही, उजेड पसरतो आणि समोरच्याला अंधारी येते. स्वतःच्या दुकानात तो माल विकायला ठेवलेला असूनही नाही म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

खर्च: सामान २,६४० रुपये, मजुरी १,८००, एकूण ४,४४०. फोकसचे वेगळे घेतले नाहीत. अठरा हजारांच्या पुढे हा आकडा ठेवून बघा.

आता तक्रारी, कारण त्याही खऱ्या आहेत. एका दिवसाचं काम म्हणाले आणि गाडी अडीच दिवस अडकली. पहिल्या दिवशी दुपारी त्यांच्या ओळखीची एक रिक्षा आली आणि माझं काम दोन तास थांबलं. फोन जवळजवळ उचलतच नाहीत. मी केरीहून फोन करून वैतागलो, शेवटी बसने जाऊन आलो. बसायला जागा नाही, पावसात शेडच्या कडेला उभं राहावं लागतं. बिल देत नाहीत, आकडे तोंडी सांगतात. मी मागितल्यावर वहीच्या पानावर लिहून दिले. आणि कामातली एकच गोष्ट खटकली. दोन्ही रिलेंमधून बाहेर निघणाऱ्या तारा त्यांनी एकाच लाल रंगाच्या वापरल्या. उद्या रस्त्यात दुसऱ्या कुणाला बघायची वेळ आली तर कुठली अप्परची, कुठली डिपरची ते कळणार नाही. मी म्हटल्यावर त्यांनी डिपरच्या तारांना दोन्ही टोकांना पांढरी खूण केली, पण ते आधीच व्हायला हवं होतं. घाईत असलेल्या माणसाने तिथे जाऊ नये. पाचपैकी मी साडेचार देतो. अर्धा कापला तो अडीच दिवसांसाठी.

हे सगळं जुलैच्या पहिल्या आठवड्यात झालं. मुद्दाम थांबून आता, दिवाळी उलटल्यावर लिहितो आहे, कारण नवीन काम सगळंच पहिल्या महिन्यात छान चालतं. मध्ये अख्खा पावसाळा गेला. चोर्ला मी सात वेळा चढलो-उतरलो, त्यातले चार फेरे रात्रीचे. धुक्यात डिपरच ठेवतो, अप्पर लावला की पांढरी भिंत अंगावर येते. पण आता डिपरवर रस्त्याची डावी कड आणि मैलाचा दगड दोन्ही दिसतात. चतुर्थीच्या आदल्या दोन दिवसांत माटोळीचं सामान घेऊन म्हापशाला तीन खेपा झाल्या. कवंडाळं, आंबाडे, तोरिंगं, सुपारीचे घोस, हौदा काठोकाठ. पहाटे अस्नोड्याच्या पुढे एक बैल रस्त्यात बसलेला होता, काळा, ओल्या डांबराच्या रंगाचा. मला तो लांबून दिसला. मार्चमधल्या उजेडात दिसला नसता.

कुणी जाणार असेल तर सकाळी नऊच्या आत जा, गाडीत नेहमीचा माल असू द्या आणि आधी कुणी काय बदललं ते सगळं खरं सांगा, जुने बल्बही सोबत न्या. तार कापायच्या आधी मापून दाखवा असं त्यांना सांगावं लागत नाही. दुसऱ्या कुठल्या वायरमनकडे जाणार असाल तर मात्र सांगा, आणि दिवा पेटता ठेवून मापायला सांगा.

त्या दिवशीचा आकड्यांचा कागद मी प्लास्टिकमध्ये घालून डॅशबोर्डच्या खणात ठेवला आहे. गेल्या आठवड्यात मेस्तांकडे मागच्या दिव्यांचं विचारायला गेलो तेव्हा त्यांनी आपणहून मीटर काढला. डावा १३.४, उजवा १३.५. डाव्याचा होल्डर काढून पिना पुसल्या, पुन्हा व्हॅसलिन लावलं, कागदावर तारीख घातली. पैसे घेतले नाहीत. पुढचं माप मे महिन्यात, पावसाच्या आधी.